गोव्यात नव्याने आलात आणि दिवस गेलेत? नोंदणीपासून जन्मदाखल्यापर्यंत

चंदगड, सावंतवाडी, बेळगावकडून लग्न होऊन किंवा नवऱ्याच्या नोकरीपायी गोव्यात आलेल्या मुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, डॉक्टर कुठला चांगला?" मी सांगते, डॉक्टर नंतर बघू, आधी सरकारी आरोग्य केंद्रात नाव घाल. हे ऐकून बऱ्याच जणी खट्टू होतात. पण पुढची मोफत तपासणी, योजनेचे पैसे, अडीअडचणीला मोठ्या इस्पितळात पाठवणी, या सगळ्याला आधार असतो तो त्या एका नोंदणीचा. माझं माहेर घाटावर, सासर डिचोलीत. तिकडची पद्धत वेगळी, इकडची वेगळी, आणि दोन्हीकडच्या बायका आपापलंच खरं म्हणून सांगत असतात. म्हणून हे क्रमानं लिहिते आहे.

1. पाळी चुकली की आधी तारीख लिहून ठेवा

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. पाळी संपली तो दिवस नाही, आणि "दसऱ्याच्या आसपास" असंही नाही. कालनिर्णयवर खूण करा, मोबाइलमध्ये टाका, काहीही करा. बाळंतपणाची अंदाजे तारीख, कुठली तपासणी कितव्या आठवड्यात, योजनेच्या अर्जाची मुदत, सगळं याच तारखेवरून मोजतात. सिस्टर पहिल्यांदा हेच विचारते. शेजारी सासूबाई असतील आणि तुम्ही बोटं मोजत बसलात, तर त्या त्यांच्या अंदाजानं तारीख सांगून मोकळ्या होतात, आणि तीच कार्डावर चढते.

घरी लघवीची तपासणी करायला मेडिकलमधली पट्टी पुरते, तीच आरोग्य केंद्रात फुकट होते.

इथंच एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ती कुणी मोठ्यानं विचारत नाही. हे गर्भारपण नको असेल, तर कायदा तुमच्या बाजूनं आहे. गर्भपाताचा 1971 चा कायदा 2021 मध्ये सुधारला. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येतो. वीस ते चोवीस आठवडे काही ठरावीक परिस्थितीत, दोन डॉक्टरांच्या मतावर. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. अठरा वर्षांवरच्या बाईला स्वतःची सही पुरते. नवऱ्याची सही कायद्यात कुठंही मागितलेली नाही. तरी काही ठिकाणी ती मागतात. मागितली तर "हा नियम कुठं आहे, लेखी दाखवा" म्हणायचं. आणि मेडिकलमधून कुणाकडून तरी गोळ्या आणवून घरीच घ्यायच्या, हे कृपा करून करू नका. रक्तस्राव थांबला नाही की धावाधाव रात्रीच होते.

2. नोंदणी: आशाताईला शोधत बसू नका

महाराष्ट्रातून आलेल्या मुली हमखास इथं अडकतात. तिकडं आशाताई घरी येते, नाव लिहून नेते, गाडीची सोय बघते. गोव्यात गावोगाव आशाताई नाही. कुणी दारात येईल म्हणून वाट बघत बसलात, तर चौथा महिना उजाडतो.

इथं दोन माणसं महत्त्वाची. एक, तुमच्या भागातल्या उपकेंद्राची एएनएम, म्हणजे सगळे जिला नुसतं "सिस्टर" म्हणतात ती. दुसरी, वाड्यावरची अंगणवाडी सेविका. अंगणवाडी कुठं आहे हे शेजारच्या कुठल्याही घरात विचारा. तिच्याकडून उपकेंद्राचा दिवस कळतो, कारण उपकेंद्रात रोज गर्भवतींची तपासणी नसते. आठवड्यातला ठरलेला वार असतो, आणि तो प्रत्येक ठिकाणी वेगळा.

बारा आठवड्यांच्या आत नाव घाला. आणि जिथं आज राहता तिथं घाला. आधारकार्डावर कोल्हापूर जिल्ह्यातला पत्ता असला तरी. भाड्यानं राहत असलात तरी. बाळंतपण खासगी इस्पितळात किंवा माहेरी करायचं ठरलं असेल तरीही.

नोंदणी झाली की माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं आणि त्यावर आरसीएच क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला तुमचा नंबर, पडतो. क्रमांकाची जागा कोरी दिसली तर तिथंच विचारा. "मागाहून घालते" म्हणाली तर पुढच्या वेळी आठवणीनं घालून घ्या. त्या कार्डाला प्लॅस्टिकचं कव्हर घाला. गोव्याचा पावसाळा कागदाला दयामाया दाखवत नाही.

3. पिशवीत काय काय हवं

- दोघांचं आधारकार्ड, मूळ आणि झेरॉक्स
- राहत्या जागेचा पुरावा: भाडेकरार, वीज खात्याचं बिल किंवा मतदार ओळखपत्र
- तुमच्या एकटीच्या नावाचं बँक पासबुक, आधारशी जोडलेलं
- लग्नाचा दाखला असेल तर
- रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, उत्पन्नाचा दाखला, यांपैकी जे असेल ते
- आधीचं बाळंतपण, गर्भपात, ऑपरेशन याचे कागद
- मोबाइल नंबर, जो पुढचं वर्षभर बदलणार नाही

राहत्या पत्त्याचा पुरावा हलक्यात घेऊ नका. 2018 पासून गोव्यातल्या मोठ्या सरकारी इस्पितळांत राज्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात झाली. तुम्ही इथं राहता हे खिडकीवर कागदानंच सिद्ध होतं, बोलून नाही. घरमालक भाडेकरार करायला तयार नसेल तर आठव्या महिन्यात त्याच्याशी भांडण्यापेक्षा दुसऱ्या महिन्यात गोड बोलून करून घ्या.

नावाचा घोळ हा सगळ्यात मोठा सापळा. आधारवर माहेरचं आडनाव, पासबुकावर सासरचं, कार्डावर सिस्टरनं ऐकून लिहिलेलं तिसरंच. पैसे अडकतात ते इथं. बदलायचं असेल तर सगळीकडे बदला, नसेल तर सगळीकडे माहेरचंच ठेवा, त्यात काही बिघडत नाही. मात्र कार्डावर नाव लिहिताना आधारकार्ड सिस्टरच्या समोर उघडं ठेवा.

4. तपासण्या: कधी आणि कशासाठी

कमीत कमी चार वेळा जायचं: बारा आठवड्यांच्या आत, मग 14 ते 26, 28 ते 34, आणि 36 नंतर. चार ही कमीत कमी संख्या आहे. डॉक्टर जास्त वेळा बोलावतील तर जा.

दर वेळी वजन, रक्तदाब, लघवी आणि पोटाची तपासणी होते. रक्तदाबाचा आकडा तुम्हीही वाचा. 140/90 किंवा त्याच्या वर गेला तर "उन्हातून आले म्हणून असेल" असं म्हणून उठू नका. दहा मिनिटं बसा, पुन्हा मोजायला सांगा. हिमोग्लोबिन अकराच्या खाली म्हणजे पंडुरोग, सातच्या खाली म्हणजे गंभीर, मग गोळ्यांवर भागत नाही.

पहिल्या रक्ततपासणीत रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, एचआयव्ही, सिफिलीस आणि हिपॅटायटिस बी असतात. एचआयव्हीचं नाव ऐकून घरच्यांनी दचकायचं कारण नाही, ती तपासणी सगळ्यांचीच होते. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल, तर ते कार्डावर ठळक लिहून घ्या. अशा वेळी अठ्ठाविसाव्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत, अँटी-डीचं इंजेक्शन लागतं. पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही म्हणून लोक हे विसरतात. त्रास दुसऱ्या खेपेला होतो.

साखरेची तपासणी दोनदा: पहिल्या भेटीत आणि 24 ते 28 आठवड्यांत. पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून देतात, ते पाच-दहा मिनिटांत संपवायचं, आणि बरोबर दोन तासांनी रक्त द्यायचं. यासाठी उपाशी जायची गरज नसते. ते पाणी इतकं गोड असतं की दातांना झिणझिण्या येतात आणि पोटात डचमळतं. अर्ध्या तासात उलटी झाली तर लपवू नका, सिस्टरला सांगा. दुसऱ्या दिवशी परत करतात. मधल्या दोन तासांत बाहेर जाऊन चहा-पाव खाल्ला की आकडा खोटा येतो. माझ्या बाजूच्या बाकावर बसलेल्या बाईनं नेमकं तेच केलं होतं, वर मलाही अर्धा पाव देऊ केला. दोन तासांनंतर आकडा 140 किंवा त्याहून जास्त आला तर तो गर्भारपणातला मधुमेह. त्यावर खाण्यापिण्यापासून उपचार सुरू होतात, घाबरून भात सोडून देऊ नका.

सोनोग्राफीचं वेळापत्रक आधी ठरवा. बाळात काही व्यंग आहे का हे बघायची सोनोग्राफी 18 ते 20 आठवड्यांत व्हायला हवी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात यंत्र नसतं, मोठ्या इस्पितळात नंबर लागतो. चौदाव्या-पंधराव्या आठवड्यातच तारीख घ्या. अठराव्या आठवड्यात तारीख मागायला गेलात आणि ती बाविसाव्या आठवड्यातली मिळाली, तर तोवर ठरवायला हातात वेळ उरत नाही. जाताना आधारकार्ड न्या, फॉर्म भरावा लागतो. मुलगा की मुलगी हे विचारू नका, नवऱ्यालाही विचारू देऊ नका. 1994 च्या कायद्यानं विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे.

दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली चौथ्या महिन्यापासून पुढच्या गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी गर्दी असते, सकाळी लवकर जा, बरोबर पाण्याची बाटली आणि काहीतरी खायला घ्या. कार्डावर हिरवा स्टिकर लागला तर सगळं ठीक. लाल लागला तर जोखमीचं गर्भारपण, म्हणजे तुम्हाला जास्त लक्ष मिळणार. लाल स्टिकर बघून काही सासवा रडतात आणि काही तो खरवडून काढतात. तसं करू नका. रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरला तोच आधी दिसतो.

सुट्ट्यांचं गणित इथं वेगळं आहे. चवथीचे (गणेशचतुर्थीचे) दिवस, 3 डिसेंबरचं सेंट झेवियरचं फेस्त, 19 डिसेंबरचा मुक्तिदिन, या दिवशी ओपीडी बंद असते. नव्यानं आलेल्यांना फेस्ताची सुट्टी ठाऊक नसते आणि पायलटला पैसे देऊन बंद दारापर्यंत फेरी होते. आता पायलट म्हणजे इथं मोटारसायकल टॅक्सी. सातव्या महिन्यानंतर तिच्यावर बसूच नका. बस किंवा रिक्षा.

5. गोळ्या आणि इंजेक्शनं

पहिले तीन महिने फॉलिक अॅसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, किमान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस. कॅल्शियम दिवसातून दोनदा. चौथ्या महिन्यानंतर जंताची एक गोळी. धनुर्वाताचं टीडी इंजेक्शन नोंदणीच्या वेळी आणि चार आठवड्यांनी दुसरं; मागच्या तीन वर्षांत दोन्ही घेतली असतील तर एकच.

लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, किमान दोन तासांचं अंतर ठेवा. आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. गोव्यात दुपारी चारला चहा न घेणं म्हणजे आजारी असल्याचं लक्षण, हे मला माहीत आहे. पण गोळी रात्री जेवणानंतर तासाभरानं घेतली तर दोन्ही जमतं. शौचाला काळं होतं, ते लोहामुळे, त्यात भ्यायचं काही नाही. मळमळ झाली म्हणून गोळ्या कपाटात साठवू नका. सिस्टरला सांगा, वेळ बदलून बघतात.

खाण्याबद्दल सल्ले देणारे पुष्कळ भेटतील, मी भर घालत नाही. तांबडी भाजी, तिसऱ्या, नाचणी, कुळथाचं पिठलं इथं सहज मिळतं. अंगणवाडीतून गर्भवतीला आणि बाळंतिणीला पोषण आहार मिळतो, तो लाज न बाळगता घ्या.

6. बाळंत कुठं व्हायचं

गोव्यात जवळजवळ सगळी बाळंतपणं इस्पितळातच होतात. पर्याय असे: बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे सगळे म्हणतात ते गोमेकॉ. म्हापशात पेडे इथलं उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ, ज्याला जुनी माणसं अजून आझिलोच म्हणतात. मडगावचं दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळ. फोंडा आणि चिखलीची उपजिल्हा इस्पितळं. शिवाय खासगी.

साधं गर्भारपण असेल तर जवळचं जिल्हा किंवा उपजिल्हा इस्पितळ उत्तम, असं माझं मत आहे. गोमेकॉत जोखमीच्या बायका सगळ्या राज्यातून आणि सिंधुदुर्गातूनही येतात, तिथं गर्दी असते आणि साध्या बाळंतिणीकडे बघायला कुणाला फुरसत नसते. पण लाल स्टिकर, जुळी, आधीचं सिझेरियन, वाढलेला रक्तदाब असेल तर सरळ गोमेकॉ, कुरकुर करायची नाही. काणकोणसारख्या लांबच्या भागात राहत असाल तर शेवटच्या पंधरवड्यात मडगावच्या बाजूला कुणा नातेवाइकाकडे जाऊन राहा. करमल घाटात कळा सुरू होणं काही चांगलं नाही.

2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या दर पाच बाळंतपणांपैकी जवळजवळ दोन सिझेरियननं झाली. म्हणजे पैशांची आणि घरच्या माणसांची तयारी दोन्ही शक्यता धरून करा. सरकारी इस्पितळात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी सोडायची गाडी मोफत असते. खासगीत नॉर्मल आणि सिझेरियन दोन्हीचा अंदाजे खर्च आठव्या महिन्यातच लेखी मागा. "तेव्हा बघू" म्हणणारा डॉक्टर मला आवडत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज आहेच. जायचं असेल तर सातव्या-आठव्या महिन्यात जा, नववा लागल्यावर घाट चढू नका. मूळ कार्ड आणि सगळे रिपोर्ट बरोबर न्या, झेरॉक्स सासरी ठेवा. तिकडं पोचल्यावर त्या आठवड्यातच तिथल्या आरोग्य केंद्रात कार्ड दाखवा. आरसीएच क्रमांक देशभर चालतो, नवी नोंदणी करायची नाही. दोन नोंदण्या झाल्या की पैसे हमखास अडकतात.

7. पैसे

पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचे पाच हजार: तीन हजार नोंदणी आणि एका तपासणीनंतर, दोन हजार जन्मनोंदणी आणि बाळाची साडेतीन महिन्यांपर्यंतची लसं झाल्यावर. दुसरी मुलगी झाली तर सहा हजार एकदम. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या खाली असणं, ई-श्रम कार्ड असणं, अशा अटींपैकी एक पुरी व्हावी लागते. अर्ज अंगणवाडीतून. ही केंद्राची योजना, गोव्यात किती वर्षं राहता हे त्यात बघत नाहीत.

राज्याच्या योजनांना मात्र वास्तव्याची अट असते. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या, म्हणजे राज्याच्या आरोग्य विम्याच्या, कार्डाला पाच वर्षं गोव्यात राहिल्याचा पुरावा लागतो. मुलगी झाल्यावर आईला मदत देणारी ममता योजना आहे, तिचा अर्जही अंगणवाडी सेविकेकडेच विचारा.

नोकरी करत असाल तर बाळंतपणाची पगारी रजा 26 आठवडे असते, आधीच्या बारा महिन्यांत त्या जागी किमान 80 दिवस काम झालेलं हवं. हॉटेलात, औषध कंपनीत कंत्राटावर असलात तरी हक्क आहे. ईएसआयचा (कामगार विम्याचा) हप्ता कापला जात असेल तर पैसे तिकडून येतात. मालकाला तोंडी सांगू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या.

8. कधी थांबायचं नाही

रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं भयंकर ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, तोंडाला-हातांना सूज, झटके, जोराचा ताप, बाळाची हालचाल कमी होणं. यातलं एक जरी झालं तरी 108 ला फोन. दृष्ट काढायची असेल तर गाडी येईपर्यंत काढा, गाडी थांबवून नाही.

108 ला पत्ता सांगताना गावाचं नाव पुरत नाही. वाडा, जवळचं देऊळ किंवा खुरीस (क्रॉस), आणि रस्ता कुठं वळतो ते सांगा. हे आजच कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, कारण फोन नवरा किंवा शेजारीण करणार.

9. बाळ झाल्यावर

बाळाला 24 तासांच्या आत बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी. पहिल्या तासात अंगावर पाजा. मध, साखरेचं पाणी, गुटी काही नको. साधं बाळंतपण असलं तरी 48 तास इस्पितळातच राहा. घरी न्यायची घाई करणाऱ्या नातेवाइकांना सिस्टरशी बोलू द्या.

पुन्हा दिवस जाऊ नयेत म्हणून बसवायच्या तांबीचा निर्णय आठव्या महिन्यातच घ्या, कारण बाळंतपणानंतर 48 तासांत ती बसवता येते. नाही जमलं तर दीड महिन्यानंतरच्या तपासणीला जा आणि तेव्हा विचारा. सरकारी केंद्रात दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळ्या मोफत मिळतात, अंगावर पाजताना छाया चालते. दूध पाजतेय म्हणजे दिवस जात नाहीत, यावर विसंबून दोन मुलांत दहा महिन्यांचं अंतर पडलेली घरं आमच्याच वाड्यावर आहेत.

दोन आठवडे उलटूनही रडू थांबत नसेल, झोप नसेल, बाळाचा राग येत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, तो मोफत आहे. मराठीतही बोलता येतं.

जन्मनोंदणी 21 दिवसांच्या आत. ती बाळ जिथं जन्मलं त्या भागातल्या पंचायतीत किंवा पालिकेत होते, तुम्ही राहता तिथं नाही. इस्पितळातून माहिती जाते, पण दाखला आणायला तुम्हालाच जावं लागतं, म्हणून सुट्टी मिळण्याआधी कुठल्या कार्यालयात जायचं ते वॉर्डातच विचारून घ्या. नाव ठरलं नसेल तरी नोंदणी अडवू नका, बारशानंतर वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येतं. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, आधार सगळीकडे हाच दाखला लागतो. इस्पितळात फॉर्म भरला जातो तेव्हा आईबापाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारकार्ड समोर ठेवून अक्षर न् अक्षर तपासा. तिथं चूक राहिली तर दुरुस्तीला प्रतिज्ञापत्र, फेऱ्या आणि कडेवर बाळ. दाखला हातात आला की चार-पाच प्रती तेव्हाच मागून घ्या.